हँडलने मोडलेली मनगटे

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोटार सुरू करायची तर पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देई आणि हँडल थेट हातावर बसे. मनगटाजवळचे, अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडे. अस्थिरोगाच्या पुस्तकांत त्याला आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, म्हणजे ड्रायव्हरचा अस्थिभंग.

हे दुखणे कमी करणारे चार्ल्स केटरिंग डॉक्टर नव्हते. १८७६ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. डोळे अधू, वाचले की डोके ठणके. त्यापायी कॉलेज सोडून टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्यांबरोबर काम केले, पुन्हा शिकले आणि १९०४ मध्ये इंजिनिअर झाले.

डेटनमधल्या कॅश रजिस्टरच्या कारखान्यात त्यांनी हाताने फिरवायच्या गल्ल्याला विजेची मोटर बसवली. ती दिवसभर चालायची नव्हती, क्षणभर जोर लावायचा होता. हाच विचार पुढे गाडीत आला. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल, असे जाणकारांना वाटे. पण काम काही सेकंदांचे असेल तर छोट्या मोटरलाही भरपूर करंट देता येतो. तापून जळण्याआधी तिचे काम संपलेले असते. (सेल्फ फार वेळ मारू नये, तो यासाठीच.) मोटरचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या मोठ्या चाकात अडकते. लहान चाकाचे अनेक फेरे झाले की मोठ्याचा एक होतो, त्यामुळे जोर वाढतो. इंजिनाने पकड घेतली की लहान चाक सुटते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा सेल्फ आला. ज्यांच्या हातात हँडल मारण्याचा जोर नव्हता, त्यांनाही आता गाडी एकट्याने काढता येऊ लागली.

केटरिंग यांची कहाणी इथेच थांबली असती तर बरे झाले असते. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या त्यांच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले. इंजिनाची खडखड थांबली. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. शिसे विषारी असते हे वैद्यकाला तेव्हाही ठाऊक होते. तरीही विक्री चालू राहिली, आणि ते विकणाऱ्या कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. मुलांच्या मेंदूला घातक ठरणारा हा धूर पुढे जगभर पसरला.

१९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभी केली. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतातल्या पेट्रोलमधून शिसे गेले ते २००० मध्ये.