संतशिरोमणी श्री सावता महाराज

ज्येष्ठात शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी आमच्या मालेगाव, शिरपूर, रिसोडवरून पंढरीस निघते, तेव्हा वाशीम जिल्ह्यातल्या भाजीवाल्या माळकऱ्याची मोठी पंचाईत होते. मृग लागलेला, वांग्याची रोपे वाफ्यात, दोडक्या-कारल्याचे वेल मांडवाकडे निघालेले. काळी जमीन पाणी धरून ठेवते; झडीत चर मोकळा केला नाही की मुळी कुजली अन् रोप आडवे झालेच समजा. इकडे टाळ कानी येतात, तिकडे निंदण अडलेले. अशा वेळी आम्हांस सावतोबा आठवतात.

सोलापूरकडील माढे तालुक्यात अरण म्हणून गाव आहे. तेथे शके 1172, म्हणजे इसवी सन 1250 मध्ये महाराजांचा जन्म झाला. आजोबा दैवू माळी पंढरीचे वारकरी. वडील परसोबा, आई नांगिताबाई. घरी मळा आणि मुखी नाम, दोन्ही वडिलार्जित. भेंड गावची जनाबाई ही त्यांची पत्नी. विठ्ठल व नागाताई ही मुले.

पंढरी काही फार दूर नव्हती. तरी महाराज वारीस गेले नाहीत, असेच परंपरा सांगते. खुरपे हाती, मोट चालू आणि नाम अखंड. कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांतच त्यांना विठाई दिसली. त्या अभंगात मिरचीचेही नाव येते. आता मिरची तर पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली; तेव्हा तो शब्द मागाहून पाठात शिरला असावा, असे आम्हांस वाटते. त्याने भावास काही उणे येत नाही. काशिबा गुरवांनी हे अभंग टिपून ठेवले म्हणून आज सदतीस तरी आपल्या हाती आहेत.

देव ज्ञानदेव-नामदेवांसह कूर्मदासाच्या भेटीस चालला असता वाटेत अरणच्या मळ्यात शिरला आणि सावतोबांनी खुरप्याने छाती चिरून त्यास हृदयात लपविले, ही कथा कीर्तनातून सर्वांस ठाऊक आहे. नामदेव बिचारे बाहेर शोधत राहिले!

पण एक सांगितल्यावाचून राहवत नाही. सावतोबांचे नाव पुढे करून वारी चुकविणारे आम्ही पाहिले आहेत. मळाही तणात गेलेला आणि मुखी नामही नाही, ही काही सावतोबांची वाट नव्हे. त्यांनी वारीस कधी उणे लेखले नाही. ज्याचे पीक खरोखरच अडले आहे, त्याने मात्र मन खट्टू करू नये; चर काढताना नाम घ्यावे, आणि पालखी गावावरून जाईल तेव्हा दिंडीस चार जुड्या भाजी नेऊन द्यावी.

शके 1217 (सन 1295) आषाढ वद्य चतुर्दशीस महाराजांनी देह ठेवला. वय अवघे पंचेचाळीस. समाधी अरणलाच, मळ्यात आहे. दरसाल आषाढी आटोपली की पंढरीहून श्रीविठ्ठलाची पालखी त्यांच्या भेटीस अरणला जाते.