नेवाचा वीर, खानाचा मांडलिक

रणांगणावर मान ताठ ठेवणारे वीर इतिहासात पुष्कळ सापडतात. रशियाचा अलेक्झांडर नेवस्की मला आठवतो तो मात्र त्याच्या झुकलेल्या मानेमुळे.

१२२१ च्या सुमारास पेरेस्लाव्हल येथे त्याचा जन्म झाला. तेव्हा रशिया असा एकसंध देश नव्हताच. व्लादिमीर, रियाझान, कीव्ह, नोव्हगोरोद अशी राज्ये होती. राजे एकाच कुळातले आणि भाऊबंदकी पाचवीला पुजलेली! १२३७ च्या हिवाळ्यात चंगीझखानाचा नातू बातूखान चालून आला. गोठलेल्या नद्यांचे त्याच्या घोडदळाने रस्ते केले. डिसेंबरात रियाझान पडले, फेब्रुवारीत व्लादिमीर. १२४० मध्ये कीव्हचीही राख झाली. अलेक्झांडर ज्याचा कारभार पाहत होता ते नोव्हगोरोद तेवढे बचावले. मंगोल फौज वाटेतूनच माघारी वळली होती.

त्याच १२४० च्या जुलैत त्याने नेवा नदीकाठी स्वीडिश सैन्याला हरवले. नेवस्की हे नाव त्यावरूनच पडले. ५ एप्रिल १२४२ रोजी पेइपुस सरोवराच्या बर्फावर त्याने जर्मन सरदारांचा पराभव केला. आयझेनस्टाइनच्या १९३८ च्या चित्रपटाने ही लढाई जगभर पोहोचवली. चित्रपट तिथे संपतो. खरी कसोटी पुढेच होती.

१२४६ मध्ये त्याचे वडील यारोस्लाव्ह मंगोलांच्या राजधानीत, काराकोरमला गेले आणि तिथेच वारले. विषप्रयोगाचा संशय होता. तरीही पुढच्याच वर्षी मुलगा बातूकडे आणि तिथून काराकोरमला गेला. १२५२ मध्ये मंगोलांपुढे न नमणारा धाकटा भाऊ आंद्रेई परागंदा झाला आणि व्लादिमीरची गादी खानाने अलेक्झांडरला दिली.

या गादीची किंमत नोव्हगोरोदने मोजली. १२५७ मध्ये कर बसवण्यासाठी मंगोलांचे शिरगणती करणारे आले. तलवारीने कधीच न जिंकलेल्या शहराने खंडणी का द्यावी? लोक बिथरले. खुद्द अलेक्झांडरचा मुलगा वासिली विरोधकांत होता. बापाने त्याला पकडून हाकलले; त्याच्या साथीदारांची नाके कापली, डोळे काढले. १२५९ मध्ये शिरगणती पार पडली, ती अलेक्झांडरच्याच पहाऱ्यात.

१२६२ मध्ये रोस्तोव्ह, सुझदल, व्लादिमीरच्या लोकांनी करवसुली करणाऱ्यांना पिटाळून लावले. आता सूड अटळ होता. तो टाळण्यासाठी अलेक्झांडर पुन्हा खानाच्या छावणीत गेला. परतताना आजारी पडला आणि १४ नोव्हेंबर १२६३ रोजी गोरोदेत्स येथे वारला. वय अवघे बेचाळीसच्या आसपास.

१५४७ मध्ये चर्चने त्याला संतपद दिले. कोणी त्याला तारणहार म्हणतात, कोणी खानाचा हस्तक. मला वाटते, दोन आघाड्यांवर लढण्याचे बळ आपल्यात नाही, हे त्याने ओळखले होते. नोव्हगोरोद जळले नाही, हे त्याचे श्रेय. पण त्या श्रेयाचा हिशेब मांडताना नोव्हगोरोदची ती डोळे काढलेली माणसे मला वगळता येत नाहीत. शहाणपणाच्या तडजोडीची किंमत बहुधा तडजोड करणारा मोजत नाही, हेच या चरित्राने मला शिकवले.