राक्षसाच्या वेषातील कामगार

इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात मिडहर्स्ट येथील रुग्णालयात २ फेब्रुवारी १९६९ रोजी बोरिस कार्लॉफ या नटाचे वयाच्या ८१ व्या वर्षी निधन झाले. जवळजवळ चार दशके लोकांना भिवविणे हाच ज्याचा व्यवसाय होता, त्याच्यासाठी हळहळणाऱ्यांत मोठा भरणा होता तो लहानपणी त्याला पाहून पांघरुणात तोंड लपविलेल्यांचा. त्यांना आपला लाडका आजोबा गेल्यासारखे वाटले. भीती आणि माया यांचे हे मिश्रण सिनेसृष्टीत फार थोड्या नटांच्या वाट्याला आले आहे. ते कार्लॉफच्या वाट्याला का आले, याचा शोध घेताना त्याच्या अभिनयाइतकाच त्याच्या कष्टांचा आणि कुळाचाही विचार करावा लागतो.

कार्लॉफ हे नाव त्याने स्वतः घेतलेले. त्याचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी दक्षिण लंडनमध्ये. नऊ भावंडांत तो सर्वांत धाकटा. वडील हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारच्या मीठ महसूल खात्यात नोकरीला होते आणि त्यांच्या अंगात हिंदी रक्ताचा अंश होता. आईचा जन्मही हिंदुस्थानातलाच. ही आई म्हणजे ॲना लिओनोवेन्सची सख्खी भाची. सयामच्या राजवाड्यात राजपुत्रांना शिकविणारी आणि पुढे 'द किंग अँड आय' या संगीतिकेमुळे जगभर ठाऊक झालेली ती ॲना. आपण वेल्समध्ये जन्मलो असे तिने जन्मभर सांगितले. प्रत्यक्षात ती १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एका साध्या सार्जंटच्या घरी जन्मली होती आणि १८४९ मध्ये तिचे लग्न झाले ते पुण्यात. १९७० नंतर संशोधकांनी जुनी कागदपत्रे धुंडाळली तेव्हा हे उघड झाले. गोऱ्या सैनिकांच्या छावण्यांतून वाढलेल्या मिश्र वंशाच्या मुलीला त्या काळी इंग्रज समाजात मान मिळविण्यासाठी आपला भूतकाळ पुसून टाकावा लागे. ॲनाने तो पुसला. तिच्या भाचीच्या मुलाने नाव पुसले. रंग मात्र पुसता येण्यासारखा नव्हता.

लहानपणीच आईचे छत्र हरपले आणि वडील दुरावले. थोरल्या भावंडांनी एनफील्ड येथे त्याला वाढविले. भाऊ सरकारी नोकरीत नाव काढीत होते. त्यांपैकी एक, जॉन प्रॅट, पुढे परराष्ट्र खात्यात चीनविषयक जाणकार म्हणून 'सर' झाला. धाकट्यानेही लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिकून वकिलातीत चिकटावे, अशी घरच्यांची इच्छा होती. याचे मन मात्र नाटकात. १९०९ मध्ये त्याने कॅनडाची बोट पकडली. तिथे त्याने शेतमजुरी केली, खणती केली, ओझी वाहिली आणि अखेर फिरत्या नाटक मंडळीत शिरकाव मिळविला. उच्चारात थोडे बोबडेपण, चालणे किंचित वाकडे, चेहरा सावळा आणि गालफडे बसलेली. अशा नटाला नायकाचे काम कोण देणार?

हॉलिवूडमध्ये मूकपटांच्या दिवसांत तो अरब झाला, मेक्सिकन झाला, तांबडा इंडियन झाला, हिंदू पुजारीही झाला. ज्या वर्णाविषयी घरात मौन पाळले जाई, त्याच वर्णावर या दुय्यम भूमिका मिळत होत्या. त्यांवर पोट भरत नसे. चित्रपटांत दिसू लागल्यावरही त्याने ट्रकवर सिमेंटची पोती चढविण्याचे काम केले. वयाची चाळिशी उलटली तरी तो अनोळखीच होता.

१९३१ साली युनिव्हर्सल कंपनीने मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीवरून 'फ्रँकेन्स्टाइन' काढायला घेतला. फ्रँकेन्स्टाइन हे शास्त्रज्ञाचे नाव. लोकांनी ते पुढे त्याने घडविलेल्या राक्षसालाच देऊन टाकले, यातच कार्लॉफच्या कामाचा प्रभाव दिसतो. दिग्दर्शक जेम्स व्हेल याने या उंच, हडकुळ्या नटाला हेरले. जॅक पिअर्स हा रंगभूषाकार रोज सुमारे चार तास त्याच्या तोंडावर थर चढवी आणि ते उतरविण्यातही बराच वेळ जाई. अंगात जाड कपडे, पायांत कित्येक शेर वजनाचे बूट, वर दिव्यांचा उकाडा. एकदा तर काम सलग पंचवीस तास चालले. शास्त्रज्ञाला खांद्यावर टाकून टेकडी चढण्याच्या दृश्यात त्याच्या पाठीला जी इजा झाली ती जन्मभर पुरली. आणि एवढे करून चित्रपटाच्या आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे होते केवळ एक प्रश्नचिन्ह! नट कोण, हे प्रेक्षकांना समजले ते शेवटी.

त्या राक्षसाला पहिल्या चित्रपटात एकही शब्द नाही. छपराचे झाकण सरकते, वरून उजेड येतो आणि ते ओबडधोबड हात उजेड पकडायला वर उठतात. झाकण पुन्हा बंद होते. एवढ्याशा दृश्यात कार्लॉफने नुकत्याच जन्मलेल्या जिवाचे सारे कुतूहल आणि साऱ्या वंचना ओतल्या आहेत. तळ्याकाठी एक लहान मुलगी न भिता त्याच्याबरोबर फुले पाण्यावर सोडते. फुले तरंगतात तशी मुलगीही तरंगेल या भाबड्या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. कात्री लावणाऱ्यांनी हा शेवटचा भाग कापला, तेव्हा त्याने मुलीशी काहीतरी अधिकच भयंकर केले असावे असा समज उरला. १९८० नंतर तो तुकडा पुन्हा जोडण्यात आला. परंतु मुलांना त्याची गरजच नव्हती. राक्षसाची कीव आल्याची पत्रे मुले कार्लॉफला पहिल्यापासून लिहीत होती. मोठ्यांना त्यात भूत दिसले. मुलांना दिसले ते आईबाप नसलेले, सर्वांनी हाकललेले पोर.

पुढे युनिव्हर्सलच्या जाहिरातींत नुसते 'कार्लॉफ' एवढे आडनाव पुरेसे ठरू लागले. १९३२ चा 'द ममी', १९३५ चा 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' असे चित्रपट येत गेले. १९३३ मध्ये चित्रीकरणासाठी तो लंडनला गेला, तेव्हा आपल्या या धंद्यामुळे भाऊ खाली मान घालतील अशी त्याला धास्ती होती. प्रत्यक्षात ते प्रतिष्ठित सरकारी अधिकारी छायाचित्रात त्याच्या शेजारी कोणी उभे राहावे यावरून एकमेकांशी हुज्जत घालू लागले!

मात्र त्याच्या आयुष्यातले १९३३ हे वर्ष ध्यानात ठेवायचे ते निराळ्या कारणासाठी. मंदीने बँका बुडत होत्या. मार्च महिन्यात हॉलिवूडच्या निर्मात्यांनी सर्वांच्या पगारात तात्पुरती म्हणून निम्मी कपात जाहीर केली. कामाच्या तासांना तर बंधनच नव्हते. श्रमाचा बाजार मुक्त असला की मालक आणि मजूर समान पातळीवर सौदा करतात, हे पाठ्यपुस्तकातले गृहीत किती पोकळ असते, हे पंचवीस तास रंगभूषेत उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते. त्या वर्षी स्थापन झालेल्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेच्या संस्थापकांत कार्लॉफ होता. त्याचा सभासद क्रमांक नववा. त्याच सुमारास युनिव्हर्सलने कबूल केलेली वेतनवाढ नाकारली, तेव्हा तो सरळ बाहेर पडला आणि नवा करार झाल्यावरच परतला.

नामवंत नटाला संघटनेची गरज कमी आणि धोका मोठा. निर्मात्यांनी डोळे वटारले तर काम बंद होण्याची भीती, आणि कार्लॉफला कीर्ती मिळून जेमतेम दोन वर्षे झाली होती. तरीही तो आत शिरला, टिकला आणि १९५० नंतरपर्यंत तिच्या कार्यकारिणीवर राहिला. १९३७ च्या मे महिन्यात निर्मात्यांनी संघटनेला मान्यता दिली. तिचा खरा लाभ गर्दीतल्या अनामिक नटांना झाला. चित्रपटांच्या इतिहासकारांनी कार्लॉफच्या रंगभूषेवर पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. या कामावर चार ओळी लिहून ते पुढे जातात, हे न्यायाचे नाही.

१९४१ पासून 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या नाटकाने ब्रॉडवे गाजविले. त्यातल्या खुनी भावाचा चेहरा कार्लॉफसारखा दिसतो, हा नाटकातलाच विनोद, आणि ते काम करणारा स्वतः कार्लॉफ! पुढे 'पीटर पॅन'मध्ये तो कॅप्टन हुक झाला आणि 'द लार्क'मध्ये जोन ऑफ आर्कचा न्याय करणारा बिशप. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या बालकथा त्याने ध्वनिमुद्रिकांसाठी वाचल्या. १९५७ नंतर युनिव्हर्सलचे जुने भयपट अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखविले जाऊ लागले आणि चाहत्यांची नवी पिढीच उभी राहिली. १९६६ मध्ये 'ग्रिंच' या नाताळच्या व्यंगपटाला त्याने आवाज दिला. तो आवाज ऐकत वाढलेल्या मुलांपैकी अनेकांना हाच तो राक्षस हे बऱ्याच उशिरा कळले असेल.

अखेरच्या वर्षांत पायांना पोलादी आधार आणि श्वासासाठी प्राणवायू लागत असे. रॉजर कॉर्मन या निर्मात्याचे दोन दिवसांचे काम त्याच्याकडून येणे होते. त्याचा फायदा घेऊन पीटर बोग्डानोविच या तरुणाने १९६८ मध्ये 'टार्गेट्स' काढला. जगातली हिंसा पाहून आपले भयपट आता पोरखेळ ठरले असे वाटणारा एक म्हातारा नट त्यात आहे. बंदुकीने माणसे टिपणाऱ्या तरुणासमोर तो काठी टेकीत जातो आणि त्याच्या थोबाडीत देतो. कार्लॉफने इतके स्वतःजवळचे काम क्वचितच केले असेल.

लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधील नटांच्या चर्चमध्ये त्याच्या नावाची पाटी आहे. त्याच्या मृत्यूनंतरचा वाद मात्र पैशाचा. मुखवटे, खेळणी, चित्रे यांवर त्याचा चेहरा विकला जाई. त्यावर वारसांचा हक्क किती? बेला लुगोसी या दुसऱ्या भयनटाच्या वारसांचा दावा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये फेटाळला. पुढे त्या राज्याने कायदाच केला आणि १९८५ पासून दिवंगतांच्या चेहऱ्यावर वारसांचा हक्क मान्य झाला. कार्लॉफची मुलगी आणि इतर भयनटांचे वंशज यांनी टपाल तिकिटांसाठीही खटपट केली. १९९७ मध्ये अमेरिकेने काढलेल्या पाच तिकिटांपैकी दोन कार्लॉफची आहेत, एक राक्षसाचे आणि दुसरे ममीचे.