धन्याची वाट पाहणारा सेवक : रेव्हरंड ना. वा. टिळक

नाताळ हा ख्रिस्तजन्माचा उत्सव. परंतु ख्रिस्ती उपासनाक्रमात नाताळापूर्वीचे चार रविवार ज्या पर्वात येतात, त्याला आगमनकाळ म्हणतात आणि त्या पर्वात चिंतन होते ते दोन आगमनांचे. एक आगमन बेथलेहेम गावी होऊन गेले. दुसरे युगान्ती व्हावयाचे आहे. आपल्या पुराणांतील काळ चक्राकार फिरतो. कलियुग सरले की पुन्हा कृतयुग उगवते. ख्रिस्ती विचारातील काळ मात्र नदीप्रमाणे एकाच दिशेने वाहतो आणि अखेर न्यायाच्या दिवसाला जाऊन मिळतो. त्या दिवशी प्रभू पुन्हा येणार, अशी त्या धर्माची श्रद्धा आहे.

मग श्रद्धावंताने त्या दिवसाची तयारी करावी तरी कशी? युद्धे, दुष्काळ, रोगराई यांवरून अंतकाळाचा मुहूर्त काढू पाहणारे लोक प्रत्येक शतकात झाले. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानात ती घटका कोणासही ठाऊक नाही असे स्पष्ट सांगितले असून, लगेच पुढे तीन प्रसंग वर्णिले आहेत. पहिल्यात वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिका आहेत. त्यांपैकी पाचजणींनी दिव्याचे तेल बरोबर घेतलेले नसते. दुसऱ्यात परदेशी गेलेल्या धन्याने सेवकांपाशी ठेवलेले द्रव्य आहे. तिसऱ्यात प्रत्यक्ष न्यायाचा दिवस आहे. तेथे विचारणा होते ती भुकेल्याला अन्न दिले काय आणि परक्याला घरात घेतले काय, याची. तिन्हींचे तात्पर्य एकच : धनी येईल तेव्हा सेवक कामात असावा.

या शिकवणीचे चालतेबोलते उदाहरण पाहण्यासाठी रत्नागिरीकरांना दूर जावयास नको. या जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन टिळक दिले. रत्नागिरी शहरात जन्मलेले लोकमान्य सर्वांना ठाऊक आहेत. दुसरे नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगावी झाला. वडील कडक स्वभावाचे, आई भाविक व काव्यप्रेमी. आईचे छत्र लवकर हरपले आणि हा मुलगा घर सोडून नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. १८८० मध्ये त्यांचा लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. पुढे शिक्षकी, पुराणकथन, कीर्तन, संपादन असे नाना उद्योग करीत ते गावोगाव हिंडले; पण चित्त कोठेच स्थिरावले नाही.

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत जबर होती. आप्तेष्ट दुरावले. लक्ष्मीबाई लहानग्या देवदत्ताला घेऊन पंढरपुरास नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. हा विरह सुमारे पाच वर्षे चालला. त्या काळात त्या माउलीने काय सोसले, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून महाराष्ट्राला पुढे कळले. टिळकांनी धर्मांतरासाठी पत्नीवर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई आपल्या विचाराने आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

तो काळ तर अंतकाळाची लक्षणे मोजणाऱ्यांना सोयीचाच होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. १८९९-१९०० च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली. अहमदनगरच्या टिळकांच्या घरात या संकटांची गणिते मांडली गेली नाहीत. तेथे अनाथ मुलांची पाने मांडली गेली. घरात पैसा थोडा, तरी ताटावर आलेल्याला परत पाठविण्याची रीत नव्हती. बालकवी ठोमरे याच घरी मुलासारखे राहिले. १९१८ च्या मे महिन्यात आगगाडीखाली सापडून बालकवींचा अकाली अंत झाला. घटका सांगून येत नाही, या वचनाचा प्रत्यय टिळकांना असा घरातच यावा, हे दैवदुर्विलसित होय.

अन्नदानाइतकेच दुसरे कार्य वाणीचे. ख्रिस्ती मंदिरांतून तेव्हा परकीय चालींवर बेतलेली गीते बरीच गायिली जात. टिळकांनी अभंग व ओवी तेथे नेली, कीर्तनाचा आश्रय केला. धन्याने दिलेले द्रव्य पुरून ठेवू नये, हा दृष्टान्त त्यांनी असा आचरिला. या भूमीतून त्यांना मिळालेले द्रव्य हे होते आणि ते त्यांनी वाढवून परत केले. आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची पदे गायिली जातात.

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी व वेतन सोडले. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे मज्जाव नव्हता. धनी आला असता हाती काय असावे, याचा विचार केलेल्या माणसाने अनावश्यक ओझे उतरवावे, तसेच हे झाले. मात्र हा संन्यास काम सोडण्याचा नव्हता. वेतन सोडून काम धरण्याचा होता. थेस्सलनीका येथील काही मंडळी प्रभू येणार म्हणून कामधंदा टाकून बसली, तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना कष्टाची भाकरी खाण्यास बजावले होते. टिळकांनी ती आज्ञा अखेरपर्यंत पाळली.

९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांच्या हातचे सर्वांत मोठे काम अपुरे होते. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य साडेदहा अध्यायांवर थांबले होते. ज्या लक्ष्मीबाईंना टिळकांनी विवाहानंतर अक्षरओळख करून दिली, त्यांनीच पुढचे चौसष्ट अध्याय रचिले. १९३६ मध्ये त्याही निवर्तल्या आणि अखेरचा शहात्तरावा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला. १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

सर्व कामे उरकून, दारे लावून वाट पाहणे म्हणजे तयारी, अशी पुष्कळांची समजूत असते. टिळकांचे चरित्र निराळे सांगते. बोलावणे आले तेव्हा त्यांची लेखणी चालू होती, पंगत चालू होती आणि मागे दिवा हाती घेणारी माणसे तयार झाली होती. अपुरे राहिलेले काम हे त्यांच्या आयुष्याचे न्यून नव्हे. धनी येईपर्यंत सेवक बसून राहिला नव्हता, याची ती साक्ष होय. आज घराघरांवर नाताळचे तारे उजळत असताना ख्रिस्ती बांधवांनी आपल्या दिव्यातील तेल पाहावे, आणि इतरांनीही पाहावे. कारण ती घटका कोणत्या धर्मात कोणाला सांगून आली आहे?