रामकृष्ण गोपाळ भांडारकर

सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर (६ जुलै १८३७ – २४ ऑगस्ट १९२५) हे संस्कृतचे प्रकांड पंडित, भाषाशास्त्रज्ञ, इतिहाससंशोधक आणि समाजसुधारक होते. प्राचीन इतिहासाचे संशोधक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. संस्कृतचे उच्चार बदलत बदलत मराठीसारख्या भाषा कशा तयार झाल्या, याचे त्यांनी केलेले विवेचन हे त्यांच्या कार्याचे तितकेच महत्त्वाचे अंग आहे.

जीवन

भांडारकरांचा जन्म मालवण येथे झाला. रत्‍नागिरीत शालेय शिक्षण घेऊन ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली पदवी मिळवणाऱ्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे यांच्यासह त्यांचा समावेश होता. सिंधमधील हैदराबाद आणि रत्‍नागिरी येथे मुख्याध्यापकपद सांभाळल्यानंतर ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात व पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लिहिलेली संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिली. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली त्यांना डॉक्टरेट दिली. १८९३ ते १८९५ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९११ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

विल्सन व्याख्याने

मुंबई विद्यापीठात डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाने सुरू झालेल्या व्याख्यानमालेत भांडारकरांनी १८७७ साली संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर सात व्याख्याने दिली. ती १९१४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पाली, प्राकृते व अपभ्रंश यांच्यानंतर हिंदी, मराठी, गुजराती, सिंधी, पंजाबी, बंगाली आदी भाषांचा तौलनिक विचार त्यांत आहे. एक संपूर्ण व्याख्यान या भाषांच्या ध्वनिविचाराला वाहिलेले आहे.

वर्णांची उच्चारस्थाने आणि प्रयत्‍न यांचे सूक्ष्म वर्णन प्रातिशाख्ये व शिक्षाग्रंथ यांत पूर्वीच झाले होते. मात्र शुद्ध उच्चार टिकवणे हा त्या शास्त्राचा हेतू होता. उच्चार बदलतात कसे, हा भांडारकरांचा प्रश्न होता. त्यांनी भारतीय परंपरेतील वर्णविचाराला युरोपातील तौलनिक भाषाशास्त्राची जोड दिली. बोलताना श्रम वाचवण्याची प्रवृत्ती हे ध्वनिबदलाचे एक प्रमुख कारण त्यांनी मानले.

संस्कृत ‘हस्त’ या शब्दावरून ही प्रक्रिया समजते. ‘स्’ उच्चारताना जिभेचे टोक अरुंद फट ठेवते आणि तिच्यातून हवा घासत जाते. लगेच ‘त्’साठी तीच जीभ दातांना टेकून हवा पूर्ण अडवते. प्राकृतात या दोन हालचालींऐवजी एकच अडवणूक, पण अधिक काळ धरलेली, उरली आणि ‘हत्थ’ हे रूप झाले. मराठीत द्वित्त गेले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. ‘हात’ तयार झाला. ‘सप्त, सत्त, सात’ आणि ‘कर्म, कम्म, काम’ या मालिका याच नियमाने जातात. पंजाबीत मात्र ‘हत्थ’, ‘सत्त’, ‘कम्म’ अशी द्वित्त रूपे आजही बोलली जातात. स्वरांमध्ये सापडलेली एकेरी व्यंजने तर कित्येकदा लुप्तच झाली. ‘राजकुल’चे ‘राऊळ’ झाले ते असे.

शब्दातील आघाताकडेही भांडारकरांनी लक्ष वेधले. उपान्त्य स्वरावर जोर पडू लागला, की शेवटचा स्वर दुबळा होऊन कानाला ऐकू येईनासा होतो. मराठीत ‘घर’ लिहिताना अंत्य अकार गृहीत धरला जातो, पण उच्चारात तो नसतो. सिंधीत ‘हथु’सारख्या शब्दांत अंत्य ऱ्हस्व स्वर टिकून राहिला आहे. मराठीच्या विवेचनात त्यांनी कोकणी बोलींतील रूपांचाही आधार घेतला.

महत्त्व आणि मर्यादा

संस्कृतच्या तुलनेत देशी भाषा भ्रष्ट होत, अशी समजूत त्या काळी सुशिक्षितांत रूढ होती. ‘अपभ्रंश’ या शब्दातच तो निवाडा आहे. पतंजलीने ‘गो’ शब्दाची ‘गावी’, ‘गोणी’ अशी अपभ्रष्ट रूपे त्याज्य म्हणून नोंदवली होती. भांडारकरांच्या दृष्टीने तो त्या काळच्या लोकभाषेचा पुरावा होता. संस्कृतवर अपार निष्ठा असलेल्या पंडितानेच हे बदल नियमबद्ध असल्याचे दाखवून दिल्यामुळे मराठीचा व तिच्या बोलींचा शास्त्रीय अभ्यास प्रतिष्ठित झाला. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ज्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथाने हा अभ्यास पुढे नेला.

अन्य भाषा बोलणाऱ्या समाजांनी संस्कृत आत्मसात करताना केलेले उच्चार हे प्राकृतांच्या उत्पत्तीचे एक कारण त्यांनी मानले होते. हे स्पष्टीकरण पुढील अभ्यासकांना अपुरे वाटले. ध्वनी मोजणारी यंत्रे हाताशी नसल्यामुळे त्यांचा आधार मुख्यतः ग्रंथांतील रूपे आणि प्रत्यक्ष कानांनी ऐकलेली बोली हाच होता.

समाजकार्य आणि अखेर

भांडारकर हे प्रार्थना समाजाचे अग्रणी होते. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. त्यांच्या सन्मानार्थ ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि आपला ग्रंथसंग्रह त्यांनी या संस्थेला दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.