हाफकिन : प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे शास्त्रज्ञ

1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग शिरला आणि पुढे नाशिकसह महाराष्ट्रभर पसरला. घरंच्या घरं ओस पडली. या वबेवर इलाज शोधायला सरकारने वाल्देमार हाफकिन यांना बोलावलं.

1860 मध्ये ओडेसा शहरात एका ज्यू घरात त्यांचा जन्म झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि 1892 मध्ये स्वतःवरच तपासली.

प्लेगचा जंतू मोठा चिवट. तो उंदरांत वाढतो. पिसू आजारी उंदराचं रक्त पिते, तेव्हा जंतू तिच्या पोटात साचून वाट अडवतात. मग ती माणसाला चावते आणि जंतू जखमेत ओकते. तिथून ते जांघेतल्या किंवा काखेतल्या ग्रंथीत पोहोचतात. ज्या पेशी जंतूंना गिळून मारतात, त्यांच्याच आत हे जंतू तग धरतात. गाठ सुजते, जंतू रक्तात उतरतात. फुफ्फुसात शिरले तर खोकल्यातूनही आजार पसरतो.

हाफकिन यांनी मांसाच्या शोरब्यात वर तुपाचे थेंब सोडून हे जंतू वाढवले, उष्णता देऊन मारले आणि लस तयार केली. मेलेले जंतू आजार देत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतात. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचली. मग भायखळा तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले.

तरी लोक घाबरत होते. तेव्हा विशीतले आगाखान तिसरे यांनी सर्वांसमोर लस घेतली, प्रयोगशाळेला आपली जागा दिली. त्यांच्याकडे पाहून खोजा जमातीतल्या हजारो लोकांनी लस घेतली.

1902 मध्ये पंजाबच्या मुल्कोवाल गावात लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, काम गेलं. दोष एकाच बाटलीत शिरलेल्या जंतूंचा होता. त्यांची निर्दोष सुटका व्हायला 1907 उजाडलं. 1930 मध्ये त्यांचं निधन झालं. परळची हाफकिन संस्था 1925 पासून त्यांचं नाव चालवते आहे.

परका देश, परकी जबान, तरी या माणसाने आपल्या लोकांची खिदमत केली. 2022 मध्ये मालेगावात गोवर पसरला, तेव्हाही लस न घेतलेल्या मुलांची काळजी होती. शंका असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, पण बाळाच्या लसीची तारीख चुकवू नका.