शिंप्याचा मुलगा आणि शब्दांच्या गोण्या

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी इंग्रजीच्या चाचणी परीक्षेत माझ्या हातून एक चूक झाली. आज ती आठवून हसू येते, पण त्या दिवशी मात्र रडू आले होते.

माझे वडील शिंपी आहेत. एस.टी. स्टँडजवळच्या एका पडवीत त्यांचे मशीन असते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इंग्रजीची भीती मनात बसलेली, म्हणून एका गाइडमधून पाचशे कठीण शब्द मी वहीत उतरवले होते. एक शब्द, पुढे बरोबरीचे चिन्ह, त्यापुढे दुसरा शब्द. रोज पहाटे उठून पाढे म्हणावेत तसे ते म्हणायची. त्यात ‘फेमस’ बरोबर ‘नटोरियस’ असे होते. परीक्षेत निबंधाला विषय आला, माझे वडील. साधा शब्द लिहिला तर सरांवर छाप कशी पडणार? मी लिहून टाकले की, माझे वडील पंचक्रोशीत नटोरियस आहेत.

पेपर परत मिळाला तेव्हा त्या शब्दाखाली तांबडी रेघ होती. तो शब्द कुप्रसिद्ध माणसाला, चोर-दरोडेखोराला लावतात, असे सरांनी समजावून सांगितले. ज्या माणसाने माझ्या फीसाठी दिवाळीत रात्र-रात्र जागून कपडे शिवले, त्याला मी आपल्याच हाताने दरोडेखोरांच्या रांगेत बसवले होते! संध्याकाळी वडिलांनी पेपर मागितला. मी तो दाखवला नाही.

सर मात्र रागावले नाहीत. त्यांनी मला ग्रंथालयात नेऊन ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा एक जाड खंड उघडून दाखवला आणि तो ज्याने उभा केला त्या माणसाची हकीकत सांगितली. त्याचे नाव जेम्स मरे. हाही एका खेड्यातल्या शिंप्याचाच मुलगा, हे ऐकले आणि माझे कान टवकारले. पुढे जिथे मिळेल तिथून मी त्याच्याविषयी वाचत गेले.

मरेचा जन्म 7 फेब्रुवारी 1837 रोजी स्कॉटलंडमधल्या डेनहोम या गावी झाला. घरची गरिबी, त्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पण शिकणे काही सुटले नाही. दगड, झाडे, तारे, जुनी नाणी, जी भाषा हाती लागेल ती भाषा, सगळ्याचे त्याला वेड. सतराव्या वर्षी तो जवळच्या हॉइक गावी साहाय्यक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी तिथल्याच दुसऱ्या एका शाळेचा मुख्याध्यापक. मी आज एकोणीस वर्षांची आहे. हे वाचून मला थोडी लाजच वाटली.

पण दैवाने त्याला सुखासुखी बसू दिले नाही. पहिले मूल तान्हेपणीच गेले. पत्नी मॅगी आजारी पडली. तिला हवापालट व्हावा म्हणून तो 1864 साली नोकरी सोडून लंडनला आला आणि चार्टर्ड बँक ऑफ इंडियाच्या कचेरीत कारकून झाला. थोड्याच काळात मॅगीही गेली. 1866 साली त्याने ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीसाठी अर्ज केला. आपल्याला येत असलेल्या भाषांची लांबलचक यादी त्यात दिली होती. तरीही नोकरी मिळाली नाही. पुढे 1867 मध्ये एडा रथव्हेन हिच्याशी त्याचा विवाह झाला, 1870 पासून तो मिल हिल येथील शाळेत शिकवू लागला आणि 1873 साली नोकरी करता करताच लंडन विद्यापीठाची बी.ए. पदवी त्याने मिळवली. त्या वेळी त्याचे वय छत्तीस होते.

इंग्रजीतला प्रत्येक शब्द कधी जन्मला, कसकसा बदलला, हे पुराव्यासह सांगणारा कोश करावा, अशी कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत 1857 पासून चालू होती. पण काम रखडले होते. 1 मार्च 1879 रोजी करार झाला आणि संपादकपद मरेकडे आले. दहा वर्षांत काम संपेल असे सर्वांना वाटत होते. आधी जमलेल्या चिठ्ठ्या त्याच्याकडे आल्या, त्यांचे वजन दीड टनाहून अधिक! एका गोणीत मेलेला उंदीर निघाला. ‘एच’ अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत फ्लॉरेन्सला सापडल्या.

मरेने शाळेच्या आवारात एक पत्र्याची खोली बांधली आणि भिंतींना 1029 खण करून घेतले. इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जगाला त्याने आवाहन केले. पुस्तक वाचा, शब्द दिसला की तो ज्या वाक्यात आहे ते अख्खे वाक्य चिठ्ठीवर उतरवा, लेखकाचे नाव आणि साल घाला, आणि पाठवून द्या. हजारो चिठ्ठ्या येऊ लागल्या. मरे आणि एडा यांना अकरा मुले झाली. ती सारी थोडी मोठी झाली की खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या अक्षरवार लावायला बसत.

इथेच मला माझी चूक सापडली. मदतनीस लोक मोठमोठे, दुर्मिळ शब्द शोधून पाठवीत आणि रोजच्या वापरातले शब्द सोडून देत. ‘अब्यूजन’ या मृतप्राय शब्दाच्या सुमारे पन्नास चिठ्ठ्या आल्या, पण ‘अब्यूज’ या चालत्या-बोलत्या शब्दाच्या पाचही नव्हत्या! साध्या शब्दांची उदाहरणे मग मरेला व त्याच्या साहाय्यकांना स्वतः हुडकावी लागली. पुढे छापलेल्या कोशात सर्वांत अधिक जागा कोणत्या शब्दाने घेतली, ठाऊक आहे? ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाने. आणि मी मात्र पाचशे कठीण शब्दांची मोळी डोक्यावर घेऊन परीक्षेला निघाले होते.

मदतनीसही किती तऱ्हेचे! काशीच्या कॉलेजात संस्कृत शिकवून आलेले फिट्झएडवर्ड हॉल नावाचे अमेरिकन गृहस्थ इंग्लंडमधल्या एका खेड्यात एकटे राहत. ते वर्षानुवर्षे रोज काही तास मरेची मुद्रिते तपासत, पण दोघांची भेट कधीच झाली नाही. डॉक्टर मायनर नावाचा दुसरा मदतनीस वेडाच्या भरात खून करून ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात बंदिस्त होता. तिथून तो हजारो चिठ्ठ्या पाठवी.

पहिला भाग 1884 साली निघाला. पाच वर्षे खपून गाडी ‘ए’पासून ‘अँट’ म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत पोहोचली होती! 1885 साली मरे ऑक्सफर्डला राहायला गेला. तिथे बागेतली त्याची नवी खोली शेजाऱ्याच्या तक्रारीमुळे जमिनीत खोल बसवावी लागली. त्या ओलीत आणि थंडीत तो वर्षानुवर्षे काम करीत राहिला. चुकाही झाल्या. ‘बाँडमेड’, म्हणजे गुलाम स्त्री, या शब्दाच्या चिठ्ठ्या हरवल्या आणि तो शब्द छापायचाच राहिला. तो 1933 च्या पुरवणीत आला. त्याला 1908 साली सर ही पदवी मिळाली, पण ऑक्सफर्ड विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट मिळाली ती 1914 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी. 26 जुलै 1915 रोजी तो वारला, तेव्हा ‘टी’ अक्षराचे काम हाती होते. कोश पुरा झाला 1928 मध्ये. शब्द 4,14,825 आणि पाने पंधरा हजारांहून अधिक. त्यांतली निम्म्याच्या जवळपास पाने एकट्या मरेने संपादित केलेली. जिचा शेवट आपल्याला दिसणार नाही अशी वाट हा माणूस छत्तीस वर्षे चालला!

मी गाइडमधली ती यादी आता बंद केली आहे. वाचताना शब्द अडला की जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर त्याचे अख्खे वाक्य उतरवते, पुस्तकाचे नाव आणि तारीख घालते. आजवर तीनशे बारा चिठ्ठ्या झाल्या. वेग कमी आहे, पण शब्द आता फसवत नाहीत.

परवा वडिलांना या चिठ्ठ्या दाखवल्या आणि तो दडवलेला पेपरही दाखवला. ते पोट धरून हसले. मग आपली मापांची वही पुढे ओढून त्यांनी एक पान उघडले. तिथे कापडाचा एक तुकडा टाचणीने लावला होता आणि शेजारी गिऱ्हाइकाचे नाव, माप, तारीख होती. नाव-तारीख नसलेला तुकडा म्हणजे नुसती चिंधी, ती कुणाची हे पुढे कसे कळायचे, असे त्यांचे म्हणणे. इंग्रजीचे एक अक्षर न येणाऱ्या माझ्या वडिलांनी मरेची रीत एका वाक्यात सांगितली होती.

वार्षिक परीक्षा जवळ आली आहे. पुन्हा तोच निबंध आला तर वडिलांसाठी मी ‘ऑनेस्ट’ हा शब्द लिहीन. साधाच आहे, पण त्यांच्या मापाचा आहे.